आरोग्य-संशोधनाचे उमेदवार पुढे काय करतात?

जालना शहराविषयी एक जुनी म्हण आहे : 'जालना, सोन्याचा पाळणा.' पेठेच्या भरभराटीचे वर्णन म्हणून ती सांगितली जाते. परंतु आजच्या विषयाला ती निराळ्या अर्थाने लागू पडते. पाळण्यातले मूल कायमचे पाळण्यात राहत नाही. ते मोठे होते, शिकते, गाव सोडते. आणि दहा-वीस वर्षांनी ते कोठे आहे, काय करीत आहे, हे घरच्या माणसांना पत्राने किंवा फोनने कळत असते. संस्थांना मात्र अशी पत्रे सहसा कोणी पाठवीत नाही. ज्या संस्थेने एखाद्या तरुणास आरोग्य-संशोधनाचे शिक्षण दिले, त्याच्यावर पैसा आणि गुरुजनांचा वेळ वेचला, तिला तो पुढे काय करतो हे पुष्कळदा सांगता येत नाही. ह्या उमेदवारांचा दीर्घकाळ मागोवा का घ्यावा आणि कसा घ्यावा, ह्याचा विचार आज आपल्याला करावयाचा आहे.

हा विचार आजच करण्यास कारण आहे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि त्या काळी इकडच्या मुलाला डॉक्टर व्हावयाचे असल्यास बहुधा हैदराबादची वाट धरावी लागे. १९५६ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि ती वाट पुष्कळ जवळ आली. जालना जिल्हा स्वतंत्र झाला तो १ मे १९८१ रोजी. पुढे बदनापूर तालुक्यात वरुडी येथे खाजगी वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, आणि २०२४ साली खुद्द जालन्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता धरली, तर ह्या महाविद्यालयाची पहिली तुकडी २०३० च्या सुमारास बाहेर पडेल. २०११ च्या जनगणनेप्रमाणे ह्या जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. इतक्या लोकांच्या आरोग्याचे प्रश्न सोडविणारी माणसे आता जिल्ह्यातच शिकणार आहेत. त्यांपैकी किती जण संशोधनाकडे वळले, किती त्यात टिकले आणि किती जणांचे काम ह्या मुलखाच्या उपयोगी पडले, असे २०५० साली कोणी विचारले, तर त्याचे उत्तर आज आपण काय लिहून ठेवतो ह्यावर अवलंबून राहील.

प्रथम 'उमेदवार' कोणास म्हणावयाचे, ते पाहू. संशोधनाचे शिक्षण म्हटले की प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे बसलेला विद्वान आपल्या डोळ्यांपुढे येतो. वस्तुतः ह्या शिक्षणाच्या पायऱ्या अनेक आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद १९७९ पासून वैद्यकीय विद्यार्थ्यांकरिता एक अल्पकालीन विद्यावेतन योजना चालवीत आली आहे. तीत विद्यार्थी एका मार्गदर्शकाच्या हाताखाली दोन महिने एखादा लहानसा प्रश्न घेऊन काम करतो आणि त्याचा अहवाल लिहितो. पदव्युत्तर विद्यार्थ्यास प्रबंध लिहावा लागतो. त्यापुढे पीएच. डी. आहे, परदेशी शिष्यवृत्त्या आहेत. शिवाय घरोघर जाऊन माहिती जमविणारे कार्यकर्ते, परिचारिका, आकडेशास्त्रज्ञ हेही ह्याच विद्येचे उमेदवार होत. दोन महिने शिकलेला आणि पाच वर्षे शिकलेला, दोघांचीही नोंद हवी. कारण कोणाच्या शिक्षणाला कोणते फळ येईल हे आरंभी कोणासही सांगता येत नाही.

जालन्याच्या श्रोत्यांस बियाण्यांच्या धंद्याची चांगली माहिती आहे. बद्रीनारायण बारवाले ह्यांनी १९६४ साली महिको ही कंपनी येथेच काढली आणि पुढे हे शहर बियाण्यांसाठी देशभर ओळखले जाऊ लागले. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग असतो आणि त्यावर लॉट नंबर छापलेला असतो. उगवणशक्तीची परीक्षा थोड्या दिवसांत होते. शंभर दाणे ओल्या कागदावर ठेवले, त्यांतील किती रुजले ते मोजले, की झाले. परंतु पीक कसे आले, रोगाला किती टिकले, पाऊस लांबल्यावर काय झाले, हे शेतात हंगाम पुरा झाल्यावाचून कळत नाही. आणि कळले तरी त्याचा संबंध मूळ लॉटशी जोडता आला तरच त्या ज्ञानाचा उपयोग. माणसांच्या शिक्षणात आपण उगवणशक्ती तेवढी मोजतो. किती जणांनी प्रवेश घेतला, किती उत्तीर्ण झाले, हे आकडे दरवर्षीच्या अहवालात येतात. पिकाचा हिशेब कोणी ठेवीत नाही, कारण तोपर्यंत टॅग हरवलेला असतो.

हे पीक किती उशिरा हाती येते ह्याची दोन उदाहरणे आपल्याच महाराष्ट्रातून घेऊ. दोन्हींमध्ये एक योगायोग आहे : शिक्षणाचा एक टप्पा अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, पार पडला.

पहिले उदाहरण डॉ. कमल रणदिवे ह्यांचे. त्यांचा जन्म १९१७ साली पुण्यास झाला. माहेरचे आडनाव समर्थ. मुंबईस डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ साली पीएच. डी. मिळविली. नंतर पेशी शरीराबाहेर वाढविण्याचे तंत्र शिकण्यास त्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या, आणि परत येऊन मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात रुजू झाल्या. शिक्षण संपल्यावर पाच वर्षांनी कोणी त्यांची चौकशी केली असती, तर कर्करोगावरील काही निबंध आणि एक नोकरी एवढेच हाती लागले असते. त्यानंतर १९६० च्या दशकात त्यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली, १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतला, १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आणि निवृत्तीनंतर अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाच्या प्रश्नात त्यांनी लक्ष घातले. कर्करोगाच्या प्रयोगशाळेतून निघालेली वाट आदिवासी पाड्यावर पोचेल, हे १९४९ साली कोणत्या परीक्षकाने वर्तविले असते?

दुसरे उदाहरण डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्या दांपत्याचे. सार्वजनिक आरोग्याची पदवी त्यांनी त्याच विद्यापीठातून १९८४ साली घेतली आणि १९८६ साली गडचिरोलीस 'सर्च' ही संस्था काढली. १९८९ साली त्यांचा ग्रामीण स्त्रियांच्या रोगांविषयीचा निबंध 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात आला. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांच्या त्या तपासणीत शेकडा ९२ जणींना स्त्रीरोगांपैकी काही ना काही आढळले होते. ही झाली पाच वर्षांनंतरची गोष्ट. पुढे गावातल्याच स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवून नवजात बालकांची काळजी घरीच घेण्याचा प्रयोग त्यांनी ३९ गावांत केला, आणि ४७ गावे तुलनेसाठी निराळी ठेवली. त्याचा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला : नवजात बालकांच्या मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने शेकडा ६२ ने उतरले होते. ही पंधरा वर्षांनंतरची गोष्ट. आणि २०११ साली केंद्र सरकारने 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत हीच पद्धत देशभर सुरू केली, तेव्हा त्या पदवीला सत्तावीस वर्षे होऊन गेली होती. आज जालना जिल्ह्यातील एखाद्या गावी आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन करते, त्या कामाचा एक धागा बाल्टिमोरच्या वर्गापर्यंत जाऊन पोचतो.

ही दोन उदाहरणे प्रसिद्ध माणसांची आहेत, म्हणूनच ती मला सांगता आली. आणि विषयाची खरी अडचणही तेथेच आहे. ज्यांचे नाव झाले त्यांचा मागोवा वर्तमानपत्रे घेतात. त्यांच्याबरोबर शिकलेले इतर कोठे गेले? यशस्वी माणसे तेवढी मोजून शिक्षणाची किंमत ठरविणे म्हणजे बाजारात आलेली मोसंबी पाहून बागेचा अंदाज बांधणे होय. गळालेली आणि वाळलेली झाडे त्यात दिसत नाहीत. ती पाहावयाची तर पहिल्या दिवशी लागवड केलेले प्रत्येक झाड वहीत असले पाहिजे.

दीर्घकाळ पाठपुरावा करण्याची ही कला वैद्यकशास्त्राला नवी नाही. १९५१ साली इंग्लंडात रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल ह्यांनी देशातील डॉक्टरांना धूम्रपानाविषयी प्रश्नावली पाठविली आणि उत्तर देणाऱ्यांतील ३४ हजार ४३९ पुरुष डॉक्टरांचा मागोवा सुरू केला. तो किती वर्षे चालावा? पन्नास वर्षे. त्याचा अर्धशतकाचा अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी डॉक्टरच का निवडले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. डॉक्टरांची नावे नोंदणीपटावर असतात, त्यामुळे ते सहसा हरवत नाहीत. जी पद्धत तंबाखूचा परिणाम शोधण्यास उपयोगी पडली तीच शिक्षणाचा परिणाम शोधण्यासही लागू आहे : एक निश्चित गट घ्यावा, त्यातील प्रत्येकाचे नाव आरंभीच लिहावे, आणि ठरावीक अंतराने सर्वांची विचारपूस करावी.

शिष्यवृत्ती देणाऱ्या मोठ्या संस्थांनी हे पूर्वीच ओळखले. अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान आपल्या शिष्यवृत्तिधारकांची एकेक पत्रिका ठेवीत असे आणि पुढील नेमणुका तीवर टिपून ठेवीत असे. जिनीव्हा येथील उष्णकटिबंधीय रोगांवरील संशोधन व प्रशिक्षणाचा विशेष कार्यक्रम १९७५ साली सुरू झाला. त्याने विकसनशील देशांतील संशोधकांना शिकविले, आणि स्वदेशी परतल्यावर काम सुरू करता यावे म्हणून स्वतंत्र अनुदानेही दिली. अमेरिकेतील फोगार्टी केंद्राने १९८८ साली एड्सविषयक संशोधनाचे प्रशिक्षण सुरू केले, आणि त्याचा लाभ पुण्यातील संशोधकांनाही मिळाला. ह्या केंद्राने 'करिअरट्रॅक' नावाची संगणकीय नोंदवही तयार केली आहे. शिकून गेलेल्याला मिळालेले पद, त्याचे निबंध, त्याला मिळालेली अनुदाने आणि त्याने पुढे शिकविलेले विद्यार्थी ह्यांची नोंद तीत वर्षानुवर्षे होत राहते. म्हणजे साधन तयार आहे. आपल्याकडे कमी आहे ती सवय.

आता पद्धतीच्या तीन गोष्टी सांगतो. त्या दिसावयास लहान आहेत, परंतु त्यांवाचून सारे आकडे फसवे ठरतात.

पहिली गोष्ट मौनाची. समजा, एका संस्थेने १०० जणांना शिकविले. दहा वर्षांनी सर्वांना पत्र गेले आणि ६० जणांची उत्तरे आली. त्यांतील ४८ जण संशोधनात आहेत. संस्था अभिमानाने म्हणेल, आमचे शेकडा ८० उमेदवार संशोधनात टिकले. पण जे ४० जण गप्प राहिले त्यांचे काय? त्यांतील एकही संशोधनात नसेल, तर खरे प्रमाण शेकडा ४८ होते; सगळे असतील, तर शेकडा ८८. ज्याचे बरे चालले आहे तो उत्तर देतो, ज्याचे बिनसले तो पत्र बाजूला ठेवतो, हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणून अहवालात उत्तर न देणाऱ्यांची संख्या उत्तर देणाऱ्यांच्या शेजारीच छापली पाहिजे, आणि गप्प राहिलेल्यांपैकी काहींना तरी पुन्हा गाठले पाहिजे.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्याकडे ही मोठीच पंचाईत आहे. एखादी मुलगी माहेरच्या नावाने शिकते, सासरच्या नावाने नोकरी करते, आणि निबंध कधी एका तर कधी दुसऱ्या नावाने छापते. पाटील, देशमुख, जाधव, शिंदे ही आडनावे घरोघरी. त्यात इंग्रजी आद्याक्षरे कधी वडिलांच्या नावासह, कधी त्यावाचून. एकच व्यक्ती तीन ठिकाणी तीन माणसे होऊन बसते, आणि तीन निराळी माणसे एका नावाखाली गोळा होतात. ह्यावर उपाय म्हणून २०१२ पासून संशोधकांना 'ऑर्किड' नावाचा सोळा अंकी क्रमांक मोफत मिळू लागला आहे. नाव बदलले, गाव बदलले, तरी क्रमांक तोच राहतो. विद्यार्थ्याने पहिला अहवाल लिहितानाच तो घेतला, तर पुढची निम्मी शोधाशोध वाचेल. डॉक्टरांच्या बाबतीत आणखी एक दुवा आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. म्हणजे पाच वर्षांतून एकदा प्रत्येक डॉक्टर आपला पत्ता कोठे तरी कळवीतच असतो. आकडेशास्त्रज्ञ आणि खेड्यात माहिती जमविणारे कार्यकर्ते ह्यांना मात्र असा नोंदणीपट नाही. ते सर्वांत आधी हरवतात. म्हणून त्यांची काळजी अधिक घ्यावयास हवी.

तिसरी गोष्ट तुलनेची. शिष्यवृत्ती मिळालेली मुले मुळातच हुशार असतात. ती पुढे चमकली, तर श्रेय शिक्षणाचे की हुशारीचे? ज्यांनी अर्ज केला, जवळजवळ तितकेच गुण मिळविले, परंतु जागा नसल्यामुळे ज्यांची निवड झाली नाही, अशांचाही मागोवा त्यांच्या संमतीने घेतला, तर दोन वाटांतला फरक दिसू लागतो. गडचिरोलीच्या प्रयोगात ४७ गावे निराळी ठेवण्याचे कारण हेच होते.

आता मोजावयाचे काय? सर्वांत सोपे म्हणजे निबंध मोजणे आणि पदव्या मोजणे. आणि जे सोपे तेच बहुधा मोजले जाते. परंतु संशोधनाचे शिक्षण घेतलेला एखादा डॉक्टर पुढे तालुक्याच्या रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी झाला, तर तो वाया गेला काय? एखाद्या पावसाळ्यात तापाचे रुग्ण अकस्मात वाढले, तर तो केवळ औषधे वाटून थांबणार नाही. कोणत्या वस्तीतून किती रुग्ण आले, ते कोणत्या विहिरीचे पाणी पितात, हे मांडून पाहील. त्याचा निबंध कधीच छापला जाणार नाही, परंतु साथ आठ दिवस आधी आटोक्यात येईल. ह्या गोष्टीला वहीत जागा हवी. म्हणून प्रश्नावलीत पद आणि निबंध ह्यांबरोबर आणखी काही साधे प्रश्न असावेत : आपण शिकलेली पद्धत गेल्या वर्षी कोठे वापरली? आपण कोणाला शिकविले? आपल्या कामामुळे रुग्णालयातील, गावातील किंवा सरकारी नियमातील कोणती गोष्ट बदलली? आणि काम मधेच थांबले असल्यास ते कशामुळे? ह्या शेवटच्या प्रश्नाला विशेषतः स्त्रियांची उत्तरे नीट वाचली पाहिजेत. बाळंतपण, लहान मूल, वडीलधाऱ्यांचे आजारपण ह्यांत गेलेली वर्षे अपयशाच्या खात्यात लिहिणारी वही खोटी ठरेल.

गाव सोडून जाणाऱ्यांविषयी आपण फार घाईने बोलतो. परदेशी राहिला तो देशाला मुकला, आणि परत आला तो धन्य, अशी सोपी विभागणी आपल्या तोंडी बसली आहे. दीर्घ मागोवा घेतला म्हणजे चित्र अधिक गुंतागुंतीचे दिसते. कोणी पंधरा वर्षे बाहेर राहून परततो. कोणी बाहेर राहूनच येथील विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतो. कोणी येथेच राहतो, परंतु संशोधनाचा हात कायमचा सोडतो. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी पुनरागमन शिष्यवृत्ती परदेशातील संशोधकांना परत येता यावे म्हणूनच निघाली. परत येण्याची इच्छा पुष्कळांना असते. प्रयोगशाळा, सहकारी आणि निश्चित पगार ह्यांची तजवीज नसते. कोण गेला एवढेच लिहून ठेवणारी वही अपुरी आहे. कशासाठी गेला, काय असते तर आला असता, हे तीत असेल, तरच ती धोरण आखणाऱ्याच्या कामाची.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. मागोवा आणि पाळत ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शासकीय महाविद्यालयातून एम. बी. बी. एस. होणाऱ्याकडून एक वर्ष शासकीय सेवेचे बंधपत्र घेतले जाते, आणि त्या वर्षापुरती त्याची नोंदही राहते. ती नोंद ऋणकोची आहे; बंधपत्र फिटले की संबंध संपला. आपल्याला हवी आहे ती नोंद आप्तासारखी. ती संमतीने घेतलेली असावी. तीतील माहिती कोणाची बढती अडविण्यास किंवा कोणास दोष देण्यास वापरली जाऊ नये. प्रत्येकाला आपली नोंद पाहता यावी, दुरुस्त करता यावी, आणि नको असल्यास काढून घेता यावी. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ साली झाला आहे. परंतु कायदा नसता, तरीही ही मर्यादा पाळणे योग्यच होते. ज्या वहीची भीती वाटते तीत कोणी खरे लिहीत नाही.

आता पुन्हा जालन्याकडे वळू. ह्या जिल्ह्याचे काही प्रश्न असे आहेत की ते येथल्या माणसालाच आधी सुचतील. मंठा, परतूर, घनसावंगी ह्या भागांतून ऊसतोडीसाठी जी कुटुंबे सहा-सहा महिने बाहेर जातात, त्यांतील गरोदर स्त्रियांची तपासणी आणि मुलांचे लसीकरण कोणत्या गावी व्हावयाचे? लोखंडाच्या गिरण्यांत भट्टीसमोर उभे राहणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसांवर आणि डोळ्यांवर वीस वर्षांत काय परिणाम होतो? टँकरच्या पाण्यावर काढलेल्या उन्हाळ्याचा मुलांच्या वाढीशी काय संबंध आहे? हे प्रश्न दोन महिन्यांच्या विद्यावेतनात सुटणारे नाहीत, पण दोन महिन्यांत सुचणारे आहेत. ज्या विद्यार्थ्याला ते एकोणिसाव्या वर्षी सुचले, तो चाळिसाव्या वर्षी त्यांची उत्तरे देऊ शकेल. मधल्या एकवीस वर्षांत त्याचे बोट सुटता कामा नये.

त्यासाठी फार खर्च लागतो असे नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक वही, किंवा तिच्या जोडीला एक संगणक. ती सांभाळण्यास एक नेमलेला मनुष्य, जो बदली होऊन गेला तर वही दुसऱ्याच्या स्वाधीन करील. प्रवेशाच्या दिवशीच विद्यार्थ्याचे, त्याच्या पालकांचे आणि एका आप्ताचे नाव-पत्ता. त्यानंतर पहिल्या, पाचव्या, दहाव्या, विसाव्या वर्षी एक लहानशी प्रश्नावली. आणि दर पाच वर्षांनी सर्वांना पाठविलेला छापील अहवाल, म्हणजे उत्तर देणाऱ्यालाही आपल्या सोबत्यांचे कुशल कळेल. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांना एका सूत्रात बांधून आहे. त्याने सर्वांसाठी एकच नमुना ठरवून दिला, तर जालना, गडचिरोली, हिंगोली ह्या नव्या महाविद्यालयांची तुलना करता येईल, आणि कोठे काय साधले ते एकमेकांकडून शिकता येईल. परंतु विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पहिल्या तुकडीची नावे आजही उपस्थितिपटावर आहेत. ती २०३० साली पांगतील, आणि मग एकेकाला शोधण्यास जो खर्च येईल, त्याच्या दशांशात आज काम होण्यासारखे आहे.

ह्यात घराघरांचाही वाटा आहे. ज्यांची मुले-मुली अशा शिक्षणासाठी गेली आहेत, त्या आई-वडिलांनी एवढे करावे : जुन्या संस्थेकडून चौकशीचे पत्र आले, तर ते वर्गणीचे असेल अशा समजुतीने टोपलीत टाकू नये. मुलाचा नवा पत्ता कळवावा, आणि मुलीचे नाव लग्नानंतर बदलले असल्यास तेही कळवावे. उत्तर लिहिणाऱ्याला वाटेल, माझ्या मुलीने संशोधन सोडून दवाखाना घातला, आता कळविण्यासारखे काय उरले? तिचे उत्तर तर अधिकच मोलाचे आहे. ती का थांबली हे कळले, तर पुढची मुलगी कदाचित थांबणार नाही.

शिक्षणावर होणारा खर्च शेवटी लोकांच्या करातून येतो. त्या खर्चाचे काय झाले, असे लोकांनी विचारले, तर इमारतीची छायाचित्रे आणि उत्तीर्णांची संख्या दाखवून भागणार नाही. शिकून गेलेल्या प्रत्येकाचे नाव, त्याची वाट आणि त्या वाटेवर झालेले काम, हे उत्तर असावयास पाहिजे. जालन्याचे पहिले उमेदवार अजून वर्गात बसलेले आहेत. त्यांचा पट ते तेथे असतानाच घातला जावा, एवढीच ह्या भाषणाची विनंती आहे.